दोन शेतं सरकलेली खूण

दुष्काळात आमच्या रेणापूरकडच्या गावात बोअरची जागा दाखवायला एक नकाशावाला आला होता. बोलताना सारखा चष्मा शर्टाला पुसायचा. त्यानं लॅपटॉपवर जुन्या नकाशावरून जागा काढली, मोबाईल बघत रानात खूण केली, आम्ही तिथं नारळ फोडला, मशीन लागलं आणि नुसता फुफाटा निघाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत आला. सासूबाईंनी रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यानं तो दोन बोटांनी मागं सारला.

"जुना नकाशा एका मोजणीचा, मोबाईल दुसऱ्या मोजणीचा. दोन्ही बरोबर हायत, मावशी. मीच ते जुळवून घेतले न्हाईत. खूण दोन शेतं सरकली."

"मग आता खऱ्या जागी घ्या की!" मी तडकले.

"मशीन पुढच्या तालुक्यात गेलं, ताई."

"पानी तर पी, बाबा," सासूबाई म्हणाल्या.

तो चष्मा पुसत राहिला. तांब्याला हात लावला नाही.

एरवी पाहुण्यानं न प्यायलेलं पाणी आम्ही तुळशीला घालतो. त्या दिवशी सासूबाईंनी ते त्याच्यादेखत परत हंड्यात ओतलं. मान आधी कुणाची खाली गेली, त्याची की माझी, ते सांगता येणार नाही.