बाबांची चूक कुणी सांगायची?

गेल्या शनिवारी बाबांसाठी मी एक छान प्लॅन केला होता... आणि तो मीच मोडला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, बाबा कित्येक वर्षं तोरा हा आमचा हिब्रू धर्मग्रंथ सगळ्यांसमोर वाचतात. तो हातानं लिहिलेला असतो आणि त्यात स्वरांच्या खुणा नसतात, त्यामुळे उच्चार पाठच असावे लागतात. वाचणारा चुकला की ऐकणारे तिथल्या तिथे मोठ्यानं सांगतात आणि तो मागे जाऊन पुन्हा वाचतो. यात कुणाला लाज वाटत नाही, रीतच आहे.

पण हल्ली बाबा विसरतात. भरल्या सभेत चार जणांनी त्यांना टोकायचं, हे मला बघवेना. या वेळी दुसऱ्या कुणाला वाचू द्या, असं त्यांना म्हणून पाहिलं... तर चहा पिता पिता त्यांनी हिब्रूचा तासच घेतला. दुसऱ्यांनी खाली आणलेला माणूस तो 'शाफाल', आपणहून नम्र असलेला तो 'अनाव'. बायबलमध्ये मोशेला 'अनाव' म्हटलंय, आणि तो तर इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहून बोलला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मला शाफाल करायला निघालीयस."

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. आमच्याकडे कुणाच्या कोडमधली चूक दाखवायची तर आधी दोन ओळी कौतुकाच्या लिहाव्या लागतात. माणसं सांभाळायची मला चांगली सवय आहे! शुक्रवारी मी पुढच्या बाकांवरच्या सगळ्या काकांना फोन केले. बाबा चुकले तर जाऊ द्या, म्हटलं. काकांनी लगेच मानलं.

शनिवारी मी वर बायकांच्या गॅलरीत होते, हातात स्वरांच्या खुणांसकट छापलेलं पुस्तक. बाबा छान वाचत होते... आणि एका शब्दावर चुकले. त्यांचं त्यांनाच खटकलं. थांबले, कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत राहिले.

सगळे काका पुस्तकात डोकं खुपसून गप्प.

बाबांनी मान वर करून एकेकाकडे पाहिलं. आपल्याला सांभाळून घेतायत, हे त्यांना कळलं... इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधीच बघितला नव्हता. चार काय, चाळीस जणांनी टोकलं असतं तरी ते असे दिसले नसते.

मी वरून मोठ्यानं बरोबर शब्द सांगितला.

खाली सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा थोडे मागे गेले, तो शब्द नीट वाचला आणि पुढे निघाले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत.

जिना उतरून खाली आले तर बाबा दारात उभे. आता बोलणी बसणार, असं धरूनच चालले होते.

"पुढच्या वेळी जरा लवकर सांग," ते म्हणाले. "आणि काकांना परत फोन करू नकोस."

परवा संध्याकाळी आम्ही दोघं सरावाला बसलो. बाबा चुकले की मी टोकत होते, ते मागे जाऊन पुन्हा वाचत होते... आणि कौतुकाच्या दोन ओळींची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही. असे बाबा मला मिळाले, याचं फार बरं वाटतंय.