मोकळा चौथरा

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. नवरा गेला, भाऊजींची बडबड तेवढी मागे राहिली. पाहुण्यांना हे जुनं शहर दाखवण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. लग्न केलं नाही. एवढं ऐकून घेणारी कुठून मिळणार, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणते. चौकाच्या कोपऱ्यावर माझी खाणावळ, वरच्या खोलीत ते. सकाळी तटबंदी, मग पूल, मग चौक, दुपारी सगळी वरात माझ्याकडे जेवायला आणि जेवणानंतर उरलेलं शहर.

काही वर्षांपासून त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले. आता उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळायचा. त्यांना कामावर ठेवणाऱ्या सहल कंपनीला याचा पत्ता नव्हता. लागला असता तर त्यांना घरी बसवलं असतं, आणि घरी बसलेल्या भाऊजींचं मी काय करणार होते? म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना सांगायची, कुठली पाटी बदलली, कुठे रस्ता खणलाय. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाहिल्यासारखं बोलायचे. फसवणूक म्हणा हवं तर. मला त्याची लाज वाटत नव्हती.

त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. त्यात कोणीतरी भाऊजींची तक्रार केलेली, म्हणून कंपनीच्या बाई स्वतः सोबत आल्या होत्या. मी मागच्या गल्लीतून आले आणि थेट चुलीपाशी उभी राहिले. दुपारी सूप ढवळताना खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. चौकातला घोडेस्वाराचा पुतळा जागेवर नव्हता. पहाटे क्रेनने डागडुजीला नेला, वाढपी म्हणाला. मेल्याला हे आता सुचलं! उरला होता ओला चौथरा.

तेवढ्यात छत्र्यांचा घोळका आला, पुढे भाऊजी. मी दारापर्यंत धावले, पण बाईंच्या देखत ओरडणार काय?

"आता घोड्याचं तोंड बघा," हात वर करून भाऊजी म्हणाले. "मालकापेक्षा शहाणा दिसतो की नाही?"

एकजण खो-खो हसला. त्याला वाटलं, हे गंमतच करतायत. मग त्याने भाऊजींचा चेहरा पाहिला आणि गप्प झाला. सगळेच गप्प झाले. एक म्हातारी हळूच म्हणाली, "खरंच की हो." दोघातिघांनी कॅमेरे काढले आणि त्या मोकळ्या चौथऱ्याचे फोटो घेतले.

"वहिनी, सूप वाढा!" आत येताच भाऊजी खुशीत म्हणाले. "आज मंडळी अशी ऐकत होती, हूं की चूं नाही."

मी वाढलं. बाई स्वयंपाकघरात आल्या. "त्यांना अजिबात दिसत नाही ना?"

"आजवर एक तरी माणूस हरवलाय का त्यांनी?" मी फणकारले.

"नाही. पण तटावरून कोणी पडलं तर?"

बाईंचं खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला.

"यापुढे त्यांना पाठवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याने सांगवत नाही. तुम्हीच सांगा. आजचा उरलेला फेरफटका पावसामुळे रद्द करते."

लोक मुकाट्याने जेवले, भाऊजींचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून एकेक करून बसमध्ये जाऊन बसले. भाऊजींना वाटलं, मंडळी बाहेर जमतायत. त्यांनी छत्री उघडली, नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि बोलायला लागले. पावसाच्या आवाजात कोण आलं, कोण गेलं, त्यांना कळेना.

मी भिजत गेले. "भाऊजी, थांबा."

"प्रश्न शेवटी," ते हसून म्हणाले.

"कोणी नाहीये इथे. सगळे बसमध्ये बसलेत."

"कधी?"

"तुम्ही बाहेर यायच्या आधीच."

त्यांचं हसू गेलं. "घोड्यापाशी काही चुकलं का माझं?"

"पुतळा नाहीये तिथे. पहाटेच नेला. बाईंना सगळं कळलंय, भाऊजी."

त्यांनी छत्री मिटली.

"फोटो काढल्याचा आवाज आला होता मला," ते म्हणाले. "म्हटलं, आज रंगलं."

मी त्यांचा दंड धरला. एरवी झटकून टाकायचे. त्या दिवशी तसाच धरू दिला.