मंगळवारचा स्पॅनिशचा वर्ग

कार्डिफला आमची पाच वर्षं भरत आली, त्या हिवाळ्यात ह्यांनी दर मंगळवारी संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जायला सुरुवात केली. भारतातून निघताना ठरलं होतं, पाच वर्षं हॉस्पिटलात नोकरी करायची आणि पुण्याला परतायचं. मग परतायच्या तोंडावर स्पॅनिश कशाला? विचारलं तर म्हणाले, "बंदरावरचे खलाशी येतात पेशंट म्हणून." पाच वर्षांत खलाशी हा शब्द मी घरात ऐकला नव्हता. वर निघताना शीळ घालायचे. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि मला वाटलं, बाईच असणार.

ताकास तूर लागू देईनात, तेव्हा मी पुराव्यासाठी त्यांचं पुस्तक उघडलं. ते ड्यूटीवर गेले की रोज. चिठ्ठी नाही, फोटो नाही. पण शोधता शोधता माझे बारा धडे वाचून झाले. पुस्तक इंग्रजांसाठी लिहिलेलं. टेबल बाई का आणि पुस्तक बुवा का, याची समजूत घालण्यात चार पानं खर्ची पडली होती. आमच्याकडे खुर्ची ती आणि पलंग तो, त्यात एवढं रडायचं काय? 'मला आवडतं' हेही स्पॅनिश लोक आपल्यासारखंच म्हणतात. मला ते पुस्तक सोपं गेलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

एक दिवस म्हटलं, "अहो, मीही येते वर्गाला."

"तुला काय कळणार गं? निम्मं पुस्तक झालंय."

"मागे बसेन."

शिक्षिका पाहिली आणि माझी मलाच लाज वाटली. सत्तरीची, पायात जाड लोकरी मोजे. शेजारच्या बाकावरच्या पोस्टमननं ह्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि हे हसले. घरी असे हसत नसत. माझा संशय तेवढ्यानं गेला नाही, नुसता जागेवरून हलला.

त्या दिवशीचा प्रश्न होता, उन्हाळ्यात काय करणार? पोस्टमन समुद्रात पोहणार होता. मग हे उठले आणि सावकाश म्हणाले, "बोय आ कोम्प्रार उना कासा आकी."

मी इथे घर घेणार आहे. अकरावा धडा. जे मराठीत मला सांगायचा धीर झाला नव्हता, ते ह्यांनी पोस्टमनला सांगितलं, मला कळणार नाही या भरवशावर. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. बाई असती तर भांडले असते. घराशी काय भांडणार?

शिक्षिका माझ्याकडे वळली. म्हणाली, तुम्ही नवीन आहात, जमलं नाही तरी चालेल.

मी उभी राहिले. "बोय आ बोलबेर आ पुणे. सोला." मी पुण्याला परत जाणार आहे. एकटी.

हे वळून माझ्याकडे बघतच राहिले. शिक्षिकेला मात्र कोण आनंद झाला. एकही चूक नाही, म्हणाली, आणि आम्हा दोघांची वाक्यं तिनं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. ह्यांच्याखेरीज सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली.