ह्यांच्या पायांची वही

१९६२, माघातला सोमवार, सकाळी आठ. हजर: आमचे हे (पाय दोन, मधुमेह एक), माझ्या नणंदबाई गंगूताई, शेजारचे नानाभाऊ छकड्यासकट आणि मी वहीसकट. त्या दिवशी डहाणूजवळच्या आमच्या चिकूवाडीत ह्यांचा डावा पाय मी निकामी ठरवला. पायाला त्याची कल्पना नव्हती.

मधुमेहानं ह्यांच्या तळव्यांची आग आग व्हायची. धोतराची कड घासली तरी "मेलो!" अशी आरोळी थेट पलीकडच्या गंजाड गावापर्यंत जायची. डहाणूचे गुजराती डॉक्टर म्हणाले, "रोज चालवा, बेन. दुखणं उतरेल. पण पाय बधिर झाला तर ताबडतोब आणा. जखम झालेली कळत नाही, ती चिघळते, मग पाय कापायची पाळी येते."

मी त्याच दिवशी वही केली. पहिल्या पानावर कामं. एक, बाभळीच्या कुंपणालगतच्या वाटेवरचे काटे झाडणे (जबाबदारी: मी). दोन, ह्यांना चपला घालून समुद्रापर्यंत चालवणे (जबाबदारी: वन्सं). तीन, आरोळ्या मोजणे (जबाबदारी: दुसरं कोण, मीच!). आल्यागेल्याला मी तो रकाना मोठ्यानं वाचून दाखवायची. "कार्तिकात रोज अकरा, मार्गशीर्षात सहा!" पाहुणे हसायचे आणि हे पानाचा डबा शोधायला आत जायचे.

तर त्या सोमवारी वन्संच्या हातून अख्खी गोधडी ह्यांच्या डाव्या पायावर पडली. आरोळी नाही! मी गोधडी शिवायची सुई घेतली आणि तळव्याला हळूच टोचली.

"दुखलं?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना!"

"वन्सं, पाय गेला हो!"

"अगं, कुठे गेला? हा काय इथे आहे!" हे म्हणाले.

"तुम्ही बोलू नका! आणि पाय जमिनीला टेकवू नका!"

मी नानाभाऊंकडे धावत सुटले (वेळ वाचवायला अनवाणी, आणि जवळची म्हणून कुंपणाच्या वाटेनं). छकडा आला. चिकूच्या करंड्या सरकवून ह्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवला. वाटेत भेटलेला प्रत्येक जण विचारी, "काय झालं?" वन्सं डोळ्यांना पदर लावून सांगत, "पाय!" डहाणू येईस्तोवर अर्ध्या गावानं ह्यांना कुबड्या सुचवल्या होत्या.

डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा फिरवला.

"अंगठा," हे म्हणाले. "करंगळी. टाच. आता सुई. हळू हो!"

"सगळं कळतंय की! बेन, पाय शाबूत आहे. चालण्यानं दुखणं उतरलंय, बधिर काही झालेलं नाही."

"मग घरी मी टोचलं तेव्हा का नाही बोललात?" मी कडाडले.

"टोचलेलं कळलं. पण पूर्वीसारखं जिवाला लागलं नाही. आणि ओरडलो असतो तर तू लिहिलं असतंस!"

नानाभाऊ खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले. मी वही उघडून "शाबूत" असं लिहीत होते, तेवढ्यात डॉक्टर वाकून फरशीकडे पाहू लागले. दारापासून माझ्या स्टुलापर्यंत लाल ठिपक्यांची रांग होती.

"हे कोणाचं, बेन?"

मी टाच वर केली. त्यात बाभळीचा बोटभर काटा, मुळापर्यंत!

हे टेबलावरून उतरले, माझ्यासमोर उभे राहिले आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाले, "दुखलं?"

"नाही," मी म्हणाले. आणि दुसरी टाचही उलटून पाहिली.

डॉक्टरांनी काटा काढला, टाच बांधली, माझी लघवी तपासली. परीक्षानळीतलं निळं पाणी उकळून विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर मलाही! "उद्यापासून दोघंही चाला," ते म्हणाले. "टाच भरेपर्यंत तुम्ही छकड्यात, बेन. मग पायी."

परतताना उशीवर माझा पाय होता. हे छकड्याशेजारून चालत होते, वही त्यांच्या हातात! त्यांनी पहिलं पान काढून मोठ्यानं वाचलं, "एक. वाटेवरचे काटे झाडणे. जबाबदारी..." आणि माझ्याकडे बघून वही मिटली.

टाच भरली. आता मीही रोज समुद्रापर्यंत चालते, चपला घालून, आणि हल्ली कधी खडा रुतला तर "आई गं!" म्हणते. हे लगेच आनंदानं लिहून घेतात. वहीतली बाकी सगळी कामं वेळच्या वेळी होतात. पहिल्यापुढे मात्र अजून बरोबरची खूण नाही. मला वेळ कुठे आहे? वहीला रेघा मारायच्या असतात!