इंगळावरचा बांगडा

बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही साकीनाक्याला एका खोलीत राहत होतो. आई एका गाळ्यात दिवसभर उभी राहून खोकी भरायची आणि घरी येऊन स्टोव्ह पेटवायची. मी मदतीला उठले की तिथूनच दटावायची, पुस्तक सोडायचं नाही. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. पुढे नोकरी लागली, बोरीवलीत भाड्याने फ्लॅट घेतला. या सगळ्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पण भाताच्या कुकरपलीकडे मला काही येत नव्हतं.

मग आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेजेचे दोन घोट, बस. अंगावरचे ब्लाऊज ढगळ झाले. डॉक्टर म्हणाले, आता सगळं चालेल, पण खायला घाला. ती एकच मागायची, गावच्यासारखा भाजलेला बांगडा.

पहिला मी गॅसवर जाळी ठेवून भाजला. वरून काळाठिक्कर, काट्याजवळ कच्चा. मग सिगडी आणली, गॅलरीत मांडली. कोळसा पेटला की लगेच बांगडा वर. मोबाइलवर कुणी सांगे तेल लाव, कुणी सांगे लिंबू. मी सगळंच लावायचे, आणि मिनिटाला उलटायचे. सालटं जाळीला, मासा तुकड्यांत. वरच्या काकूंनी धुराची तक्रार केली. आईने बशी बाजूला सरकवली. मला ऑफिसातही चैन पडेना.

रविवारी तिने स्वतःच खुर्ची गॅलरीत मागवली.

"इंगळ झाले काय?"

"पेटलेत की."

"पेटलेले नव्हे गो. इंगळ."

म्हणजे जाळ संपून कोळशावर पांढरी राख धरलेली हवी. थांबले. बांगडा ठेवला आणि हात चिमट्याकडे गेला.

"हात लावू नको."

"करपेल ना."

"पेपर लिहिताना अशीच मध्ये मध्ये उठायचीस काय? शिजला की तो आपणहून जाळी सोडतो."

मी हात काखेत दाबून उभी राहिले. वास बदलला. चिमटा खाली सरकवला, तर बांगडा अख्खा सुटून आला.

आईने बोटांनी काटा काढला, भातात कालवला. "मीठ कमी," म्हणाली, आणि परत भात मागितला.

त्यानंतरही दोन-तीन बिघडले. आता मला बांगडा भाजता येतो आणि आई पोटभर जेवते.