बाराही जणी, नाहीतर कुणीच नाही

बर्नडीन क्रॉलने हातमोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाई मारली, पण आमच्या पोर्ट ऑल्डनमध्ये तिला शिवणारी बाई म्हणून कुणी ओळखत नाही. ती कॅप्टन. पोस्टमनसुद्धा पत्र हातात देताना तसंच म्हणतो. एकोणिसाव्या वर्षी ती हेरन्स पथकाच्या निशाण-तुकडीची कॅप्टन झाली. पुढे शहात्तर साली पथकच बंद पडलं, तरी त्या पदावरून तिला कुणी उतरवलं नाही.

हेरन्स, म्हणजे बगळे, हे चर्चच्या तळघरात सुरू झालेलं ढोल-बिगुलांचं पथक. वाजवणारे मुलगे आणि त्यांच्यापुढे निशाणं घेऊन चालणाऱ्या बारा मुली. मुलींचे लाल लोकरी कोट, प्रत्येकावर चौदा पितळी बटणं, पांढरे चुणीदार स्कर्ट, गोंडे लावलेले पांढरे बूट. उन्हाळ्यात दर शनिवारी कुठल्यातरी गावात स्पर्धा असायची आणि स्पर्धेआधी तपासणी. पांढरे हातमोजे घातलेला परीक्षक रांगेतून फिरायचा, कॉलर उलटून बघायचा. एक लोंबता धागा सापडला की एक दशांश गुण गेला. म्हणून मुली काडेपेटी जवळ ठेवत आणि एकमेकींचे धागे जाळत. गणवेश चढवल्यावर बसायचं नाही, चुण्या मोडतात. चाळीस-चाळीस मैल बाराही जणी बसमध्ये उभ्या. ढोलवाले मुलगे मुद्दाम पाय पसरून बसायचे आणि विचारायचे, राणीसाहेबांना खुर्ची हवी का. राणीसाहेब खिडकीबाहेर बघत राहायच्या.

या सगळ्याच्या वर एक नियम होता. घातलं तर बाराही जणींनी, नाहीतर कुणीच नाही. एका स्पर्धेला एका मुलीची टोपी घरीच राहिली. बर्नडीनने सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या. बारा टोप्यांचे गुण गेले, करंडक गेला. परतीच्या बसमध्ये बाकीच्या मुली तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिच्या शेजारी मार्लिस टेश उभी होती, पहिलीपासूनची मैत्रीण. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘बरोबर केलंस.’’ एवढंच. बर्नडीन हे वाक्य आयुष्यभर जपून होती.

पथक बंद पडलं तेव्हा गणवेश कचऱ्यात जायचे होते. बर्नडीनने ते घरी आणले, देवदाराच्या पेटीत ठेवले. दर मे महिन्यात ती ते अंगणातल्या दोरीवर वाळत घालायची. तळ्यावरचा वारा बाह्यांत शिरायचा आणि लाल कोट हात हलवल्यासारखे हलायचे. शेजारी म्हणायचे, कॅप्टनच्या मुली आल्या.

मार्लिस शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाली आणि गावातलं प्रत्येक काम अंगावर घेऊ लागली. गेल्या सप्टेंबरात तिने काढलं की चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत जुनी तुकडी पुन्हा चालवायची. दोघी जणी देवाघरी गेल्या होत्या. त्यांच्या जागी एकीची बहीण आणि एकीची मुलगी येणार होती. बर्नडीनने एकच विचारलं, कोट घालून? मार्लिस हसली. मग काय झगे घालून, असं म्हणाली.

जानेवारीत बर्नडीनच्या स्वयंपाकघरात मापं घेतली. बाहेर गुडघाभर बर्फ, आत कॉफी, खसखशीचा केक आणि बहुतेक साठी ओलांडलेल्या बायका एकेक करून स्टुलावर.

‘‘कॅप्टन, टेप संपली. मी अजून बाकी आहे,’’ डॉटी ब्राऊन म्हणाली.

‘‘श्वास सोड, डॉटी. पोट आत ओढून दोन मैल चालता येत नाही.’’

‘‘माझा आकडा मोठ्याने वाचू नकोस हं,’’ मार्लिस म्हणाली. ‘‘माझा नवरा अजून भ्रमात आहे.’’

प्रत्येक कोटाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडायच्या होत्या. नवं लाल कापड आणलं तर ते जुन्या लालाशेजारी किंचाळायला लागलं. बर्नडीनने ते दक्षिणेच्या खिडकीत टांगलं आणि उन्हाला त्याचं काम करू दिलं. रोज सकाळी त्यावर जुना कोट धरून बघायची. मार्चअखेरीला दोन्ही लाल एक झाले, तेव्हा तिने कात्री घेतली. शुक्रवारी सगळ्या जणी तळलेल्या माशांच्या जेवणाला जमायच्या, तिकडेही ती फेब्रुवारीपासूनच जायची बंद झाली होती. मार्लिस मात्र मे महिन्यात दर मंगळवारी यायची, बटणं लावू लागायची. एकदा तिने स्वतःचा कोट घालून आरशात पाहिलं आणि मान वळवून घाईने बटणं सोडली. बर्नडीनला वाटलं, भरून आलं असेल.

चार जुलैला सकाळी सहा वाजता बर्नडीनने गणवेश चढवला. त्यानंतर ती बसली नाही. भाच्याने गाडीतून कोट शाळेत पोचवले, ती मागून चालत गेली. व्यायामशाळेत लांब दांडीवर तिने अकरा कोट मापाच्या क्रमाने लावले आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

आठ वाजता बायका आल्या. सगळ्यांच्या अंगात लाल टी-शर्ट, छातीवर छापलेला बगळा, पाठीवर नाव. मार्लिसच्या हातात बारावा होता.

डॉटीने दांडीकडे बघितलं, मग बर्नडीनकडे. ‘‘मार्लिस, तू हिला सांगितलंच नाहीस? मार्चमध्ये ठरलं ना आपलं, माशांच्या जेवणाला?’’

‘‘मार्चमध्ये,’’ बर्नडीन म्हणाली.

‘‘अगं, जुलैचं ऊन, त्यात लोकर,’’ मार्लिस घाईने बोलू लागली. ‘‘आणि त्या स्कर्टमधून आपले गुडघे. सगळ्यांचं मत पडलं, बर्न. मी सांगणारच होते.’’

‘‘मेमध्ये तू माझ्या टेबलाशी बसून बटणं लावलीस.’’

‘‘तू इतकी खुशीत होतीस. चाळीस वर्षांत तुला तशी पाहिली नव्हती. कुठल्या तोंडाने सांगणार?’’

बर्नडीनने दांडीवरच्या एका कोटाची बाही सरळ केली. मग तिने विचारलं, ‘‘आणि मी आज हे असंच घालून निघाले असते तर?’’

मार्लिसने आवाज खाली आणला. तिला वाटत होतं, ती समजूत काढते आहे. ‘‘तू निघाली नसतीस. एकटीने तू कधीच घालणार नाहीस. ते मला माहीत होतं ना.’’

बर्नडीनने तिच्या हातातला टी-शर्ट घेतला आणि मुलींच्या न्हाणीघरात गेली. पाच मिनिटांनी ती टी-शर्ट आणि डॉटीच्या पिशवीतली जादा पँट घालून बाहेर आली. पँटला तिने कमरेशी दोन टाचण्या मारल्या होत्या. स्वतःचा कोट तिने दांडीवर बारावा लावला. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, कॅप्टन म्हणजे कॅप्टन.

मिरवणूक चांगली झाली. मी औषधांच्या दुकानासमोर उभी होते. तुकडी जवळ आली तेव्हा आधी तिचा आवाज ऐकू आला. हुकूम देणारा तो आवाज गल्ल्यांपलीकडे तळ्यापर्यंत जात होता. निशाणं सरळ होती, पावलं जुळलेली होती. म्हाताऱ्या माणसांनी टोप्या छातीशी धरल्या, डॉटी रडत होती. बर्नडीन समोर बघत होती. मार्लिसच्या रांगेकडे तिने एकदाही मान वळवली नाही.

तळ्याकाठच्या मैदानात शेवट होता. तिथे तुकडी सावधान उभी राहते, कॅप्टन समोर येते आणि विसर्जन म्हणते. ते म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, घाम पुसायचा नाही. बर्नडीन समोर आली. तिने डावीकडून उजवीकडे बारकाईने एकेकीला पाहिलं, तपासणीसारखं. मार्लिसपाशी ती जरा थांबली. मार्लिसच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं.

बर्नडीन वळली आणि घराच्या दिशेने चालू लागली.

‘‘बर्न,’’ मार्लिस म्हणाली. ‘‘अगं, बोल ना.’’

ऊन डोक्यावर होतं. अकरा बायका निशाणं धरून उभ्या. एक जण हसली, मग थांबली. भट्टीवरून सॉसेज भाजल्याचा वास येत होता. पहिली डॉटी बाहेर पडली. म्हणाली की तिला चक्कर येते आहे, आणि ते खरंही असेल. मग एकेक करत बाकीच्याही गेल्या, आवाज न करता, चर्चमधून मध्येच उठून जावं तशा. मार्लिस राहिली. नवरा कागदी ताटलीत सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड घेऊन आला, तिच्या शेजारी उभा राहिला, काय झालं विचारू लागला. निशाणाचा दांडा मुठीत धरून, टाचा जुळवून, ती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. बर्नडीन तिथून केव्हाच दिसेनाशी झाली होती.