मान वाकवून दाखव

चंद्रभागाबाई आमच्या शाळेत अकरा वर्षांपासून स्वयंपाक करतात. शाळा मुलींची आणि निवासी, आदिलाबादजवळच्या इचोड्यात, हायवेपासून जरा आत. दोनशे दहा मुलींचं दोन वेळचं जेवण बाई आणि आणखी दोघी मिळून करतात. मुली तेलुगूत ज्याला पप्पू म्हणतात त्याला बाई वरण म्हणतात, आणि त्यावरून रोज कोणीतरी त्यांची थट्टा करतं. निदान मी सांगतोय त्या दिवसांत करायचं.

बाईंचे आईवडील दुसऱ्यांच्या कापसात राबलेले. बाई सातवीपर्यंत शिकल्या. नवरा नागेश मात्र पुढे शिकून मंडल ऑफिसात, म्हणजे तहसीलात, क्लार्क झाला. त्यांची एकुलती एक मुलगी दीक्षा आदिलाबादला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होती, रोज बसनं जायची-यायची. गणितात तरबेज. कधी सुटी असली की आमच्या मुलींना शिकवायला यायची आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, दीक्षा दुपारीच कॉलेजातून परत आली. अंगात ताप, डोकं ठणकत होतं. मंगळवारी सकाळी तिनं आईला खिडकी लावायला सांगितली. उजेड डोळ्यांत टोचतो म्हणाली. एकदा उलटी झाली. चप्पल घालायला खाली वाकली तर मान वाकेना, म्हणून चप्पल तशीच टाकून ती पुन्हा आडवी झाली.

बाई त्या दिवशी कामावर आल्या होत्या. दहाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन त्यांनी हे सगळं एकेक करून सांगितलं. मी विज्ञान शिकवतो, म्हणून मला विचारलं. आदिलाबादला नेऊ का, असं त्यांनी स्पष्ट विचारलं होतं. मी म्हणालो, परीक्षा जवळ आल्यात, ताण असेल. डोळ्यांचा नंबर तपासून घ्या. मान उशीमुळे आखडली असेल. मेंदूभोवती आवरणं असतात, त्यांना सूज आली की काय होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकातलं पुस्तकातच राहिलं.

बाईंनी माझं ऐकलं. गावातल्या आरएमपीनं, म्हणजे पदवी नसलेल्या डॉक्टरनं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ताप उतरला. सगळ्यांना बरं वाटलं. बुधवारी सकाळी दीक्षा आईला ओळखेना. बसचा पास सापडत नाही, असं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. तेव्हा कुठे नागेशनं गाडी केली.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात दामिनी नावाच्या तरुण डॉक्टरनं दीक्षाच्या मानेखाली हात घालून डोकं उचलून पाहिलं. मानेसोबत सगळी पाठ उचलली गेली. डॉक्टरनं पायांचे तळवे पाहिले. तिथे जांभळट ठिपके होते, बोटानं दाबले तरी न जाणारे. ते घरी कोणाच्या लक्षात आले नव्हते. डॉक्टरनं लगेच इंजेक्शन सुरू केलं आणि मग सांगितलं, हा मेंदूज्वर वाटतो, पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून तपासावं लागेल. इथे तेलुगूत याला मेदडू वापू म्हणतात, नर्सनं तेही सांगितलं.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, हे आमच्या भागात सगळ्यांनाच ठाऊक आहे. खोटं आहे, पण ठाऊक आहे. नागेशच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी मेव्हण्याचं तसं झालं होतं म्हणे. नागेश नको म्हणाला. डॉक्टरनं समजावलं, पुन्हा समजावलं. मग नागेशनं नागपूरला नेतो म्हणून सांगितलं. आता हलवू नका, असं डॉक्टर म्हणाली. त्यानं आपल्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर सही केली. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणारा माणूस, त्यानं तो कागद वाचलासुद्धा नाही.

पैनगंगेच्या पलीकडे, पांढरकवड्याच्या आसपास दीक्षाला झटके सुरू झाले. नागपूरला पोचल्यावर ती दीड दिवस जगली. शुक्रवारी दुपारी गेली. एकोणीस वर्षांची होती.

महिनाभरानं बाई कामावर परत आल्या. मी समोर गेलो. तेलाचा डबा संपलाय एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या आठवड्यात त्यांनी एक दिवसाची रजा घेतली आणि कोणाला न सांगता बसनं आदिलाबादला गेल्या. हे मला पुढे डॉक्टर दामिनींकडूनच कळलं. बाईंनी बाहेरच्या रांगेत उभं राहून स्वतःच्या नावाची चिठ्ठी काढली. नंबर आल्यावर डॉक्टरनं काय होतंय म्हणून विचारलं. मला काही होत नाही, बाई म्हणाल्या, आणि दीक्षाचं नाव सांगितलं. मग विचारलं, "मंगळवारी आनलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाली, "तर बहुतेक वाचली असती. नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण या आजारात दिवस नाही, तास मोजायचे असतात."

नागेशला हे कळलं तेव्हा तो डॉक्टरवर भडकला. मेलेल्या लेकराच्या आईला असं सांगतात का, म्हणाला. बाईंना तसं वाटलं नाही. इतक्या दिवसांत खरं बोललेलं ते पहिलंच माणूस होतं, असं त्या म्हणायच्या. त्यांनी त्या दिवशी डॉक्टरकडून सगळी लक्षणं वदवून घेतली. ताप, भयंकर डोकेदुखी, उलटी, उजेड सहन न होणं, मान न वाकणं, गुंगी, बरळणं. सगळी एकदम दिसतीलच असं नाही, आणि ठिपके दिसायची वाट पाहायची नाही. सावळ्या अंगावर ते लवकर दिसत नाहीत, म्हणून तळवे आणि पापणीची आतली बाजू बघायची.

तेव्हापासून वसतिगृहात कोणाला ताप आला की बाई पोळपाट सोडून वर यायच्या. "हनुवटी छातीले लाव. मान वाकवून दाखव." मुली आधी हसल्या, मग कंटाळल्या. त्यांचं नाव मान-आजी पडलं. पहिल्या दोन वर्षांत बाईंनी तीन मुलींना आदिलाबादला न्यायला लावलं. तिघींनाही साधा ताप निघाला. तिसऱ्या वेळी वॉर्डन मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या की स्वयंपाकिणीनं स्वयंपाक बघावा. मी तिथे होतो. मीही काही बोललो नाही.

गेल्या वर्षी जुलैत तापाची साथ होती. सहावीच्या खोलीत चार मुली एकदम पडल्या. पॅरासिटामॉल दिली, शाळेचे डॉक्टर सोमवारी येणार होते. तो दिवस शनिवार. सकाळी अकराच्या सुमारास बाई पेज घेऊन वर गेल्या. तिघी उठून बसल्या. चौथी रंजीता, भैंशाजवळच्या भाजीवाल्या भगवंतरावांची मुलगी, भिंतीकडे तोंड करून पांघरूण डोक्यावर घेऊन पडली होती. बाईंनी पांघरूण काढलं तशी तिनं डोळ्यांवर हात घेतला. मान वाकवायला सांगितली तर नुसती कण्हली. तळवे स्वच्छ होते.

वॉर्डन मॅडम मीटिंगला गेल्या होत्या, फोन लागत नव्हता. बाई खाली आल्या, माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. "सर, एकशेआठला फोन करा. मी घेऊन जातो तिले."

परवानगीचं काय, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी अँब्युलन्सला फोन केला. आणि या वेळी सोबतही गेलो.

डॉक्टर दामिनी अजून तिथेच होत्या. त्यांनी बाईंना ओळखलं, पण बोलायला वेळ नव्हता. मान पाहिली, सुई लावली, रक्त घेतलं, इंजेक्शन सुरू केलं. मग पाठीतलं पाणी काढायला वडिलांची संमती हवी होती. मी भगवंतरावांना फोन लावला. ते ओरडून बोलत होते, बाजूच्या लोकांनाही ऐकू जात होतं. पोरीला हात लावू नका, मी निघालो, निजामाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेतो.

नागेश तोवर बाईंसाठी डबा घेऊन आला होता. त्या इमारतीत तो तीन वर्षांनी पाय ठेवत होता. दीक्षाला नेताना केलेल्या सहीबद्दल तो कधीच कोणाशी बोललेला नव्हता, बाईंशीसुद्धा. घरात त्या कागदाचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा. त्यानं माझ्या हातातला फोन घेतला.

"भगवंतराव, मी नागेश. तुमी मले ओळखत नाही," तो म्हणाला. "माही पोरगी याच दवाखान्यात होती. याच डॉक्टरनं पाठीतलं पानी काढतो म्हनलं, मी नाही म्हनलो. नागपूरले नेतो म्हनून सही केली. रस्त्यात तिले झटके आले. मेली ते. तिची माय इथं उभी आहे, तिच्यासमोर सांगून राह्यलो मी तुमाले. पोरीले हलवू नका."

पलीकडून भगवंतरावांनी डॉक्टरला फोन द्यायला सांगितलं.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नागेशकडे पाहिलं नाही. डबा त्याच्या हातातून घेतला आणि बाकावर ठेवला.

पाणी गढूळ निघालं. मेंदूज्वरच होता. त्याच संध्याकाळी शाळेत आरोग्य विभागाची माणसं आली, खोलीतल्या सगळ्या मुलींना आणि परतल्यावर बाईंना आणि मलाही लागण होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. दुसरी कोणी आजारी पडली नाही.

रंजीता वाचली. सोळा दिवसांनी घरी गेली. पण तिचा डावा कान पूर्ण गेला आणि उजव्यानं अर्धवट ऐकू येतं. हा आजार जाताना असं काहीतरी घेऊन जातो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भगवंतराव ते मानत नाहीत. पाठीतलं पाणी काढलं म्हणून पोरगी बहिरी झाली, असं ते गावभर सांगतात. पालकांच्या सभेत त्यांनी बाईंकडे बोट दाखवून तेच सांगितलं. बाईंना परवानगीशिवाय शाळा सोडल्याचा मेमोही मिळाला. त्याचं उत्तर मी लिहिलं, सही त्यांनी केली.

सभेनंतर मी स्वयंपाकघरात गेलो. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, बाई, दीक्षामुळे एक मुलगी वाचली, हे तरी मनात ठेवा.

त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दीक्षा कोनाले वाचवाले नाही मेली, सर. आमाले समजलं नाही, म्हनून मेली."

'आमाले' या शब्दात मी होतो की नव्हतो, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मंडल ऑफिसातल्या कोणाच्या घरी-शेजारी कोणाला ताप आला की आता नागेशला बोलावतात. तो जातो, मान बघतो, गाडीत सोबत बसतो. या डिसेंबरात मारोती नावाच्या ट्रक ड्रायव्हरला त्यानं पहिल्याच दिवशी आदिलाबादला पोचवलं. पाणी काढायला घरचे लगेच हो म्हणाले, औषध वेळेत सुरू झालं. तरी तिसऱ्या दिवशी मारोती गेला. नागेश दोन दिवस ऑफिसला गेला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनीच त्याला जेवायला वाढलं, कपाटातून शर्ट काढून दिला, आणि तो ऑफिसला निघाला तेव्हा बसस्टँडपर्यंत त्याच्यासोबत चालत गेल्या.